कलम १८५ : दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल झालेली कैद कमी करून मागायची असेल तर?

तिठ्यावरचा

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये बहुतेकांना दंड होतो आणि परवाना अडकतो. कैद झाली की मात्र घरच्यांचे पहिले दोन दिवस चुकीच्या सल्ल्यात जातात. ‘गुन्हा कबूल केलाय, आता अपील नाही’, ‘थेट हायकोर्टात जा’, ‘आधी निकालाची नक्कल येऊ दे, मग बघू’. या तिन्ही सल्ल्यांनी नुकसानच होतं.

धाग्याचा विषय एवढाच ठेवू: दोषी ठरवणं बरोबर की चूक हा वाद नको, शिक्षेची मुदत कमी कशी मागायची ते बोलू. चर्चा भरकटू नये म्हणून एक कल्पित प्रकरण समोर ठेवतो. पहिलाच गुन्हा, अपघात नाही, रक्तात १०० मिलिलिटरला ६८ मिलिग्रॅम अल्कोहोल. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कबुली. शिक्षा ३ महिने साधी कैद आणि १०,००० रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी २ महिने. अपील होतं का, कुठे, किती दिवसांत, आणि काय मागायचं?

नक्कलअर्ज

होतं. कबुली दिली तरी होतं, आणि हा सगळ्यात जास्त गैरसमज असलेला मुद्दा आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३७५) सांगतं की आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्यावरच दोषी ठरला, तर अपील नाही. पण लगेच पुढे अपवाद आहे: शिक्षा न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिली असेल तर शिक्षेच्या प्रमाणाबद्दल आणि कायदेशीरपणाबद्दल अपील करता येतं. म्हणजे दोषाबद्दलचं दार बंद, शिक्षेबद्दलचं उघडं. अपील सत्र न्यायालयात, कलम ४१५ खाली. हायकोर्टाचा टप्पा नंतरचा.

मुंबईकरांसाठी एक फरक. जुन्या संहितेच्या कलम ३७६ मध्ये महानगर दंडाधिकाऱ्यांनी ३ महिन्यांपर्यंतची कैद दिली तर अपीलच नव्हतं, फक्त पुनरीक्षण अर्ज (वरच्या कोर्टाने निकाल कायदेशीर आहे का एवढंच तपासावं, असा अर्ज). नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि तिने महानगर दंडाधिकारी हे पदच काढलं. आता कलम ४१७ मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या बाबतीत फक्त १०० रुपयांपर्यंतच्या निव्वळ दंडाला अपील नाही. कैद एका दिवसाची असली तरी अपील आहे. जुन्या पुस्तकावरून ‘३ महिन्यांच्या आत अपील नाही’ असं कुणी सांगितलं तर हे कलम उघडून दाखवा.

नक्कलअर्ज

मागच्या प्रतिसादात शिक्षेची चौकट राहिली.

पहिला गुन्हा: ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसरा किंवा पुढचा: २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे आकडे १ सप्टेंबर २०१९ पासूनचे. अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम.

दोन गोष्टी नीट वाचा. कैदेला किमान मुदत नाही. त्यामुळे ‘कोर्ट उठेपर्यंत’ पासून ६ महिन्यांपर्यंत काहीही कायदेशीर आहे, आणि अपिलात न्यायाधीशांच्या हाती भरपूर जागा आहे. दंडाचं उलट आहे. कायद्यात ‘दहा हजारांपर्यंत’ नाही, ‘दहा हजार’ आहे. दंड ५,००० करा अशी विनंती लिहिण्यात अर्थ नाही. विनंती कैदेपुरती ठेवा: कैद रद्द करून फक्त दंड, किंवा कैद भोगलेल्या मुदतीइतकी.

सोनचाफा

मुदत किती दिवसांची? आणि ती नक्कल मिळाल्यापासून मोजायची ना?

नक्कलअर्ज

@सोनचाफा, मुदत शिक्षेच्या तारखेपासून ३० दिवस. नक्कल मिळाल्यापासून नाही. मुदत कायद्याच्या कलम १२ मुळे नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात, पण अर्ज करायला तुम्ही लावलेला वेळ वजा होत नाही.

उदाहरण घ्या. निकाल ३ मार्चला. तो दिवस सोडून मोजायचं, म्हणजे ३० वा दिवस २ एप्रिल. नकलेचा अर्ज ५ मार्चला केला आणि नक्कल १४ मार्चला तयार झाली. हे १० दिवस वाढतात, शेवटचा दिवस १२ एप्रिल. नक्कल तयार होऊन नक्कल विभागात पडून राहिली तर ते दिवस तुमच्या नावावर. म्हणून नकलेवरच्या तिन्ही तारखा तपासा: अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी. तारीख चुकीची पडली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

कैद झाली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ प्रमाणे निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि मोफत मिळायला हवी. ती कोर्टातच मागा, सही करून घ्या. अपिलाला ती चालते, दहा दिवस वाचतात.

उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज अपिलासोबतच जोडायचा. त्यात दिवसागणिक कारण हवं. ‘माहिती नव्हती’ या दोन शब्दांवर माफी मागू नका.

फौजदारीफाईल

मुदतीचं झालं, पण खरी लढाई पहिल्या दिवसाची आहे. ३ महिन्यांच्या शिक्षेवर अपील दाखल करून आरोपी आत बसला, तर अपील सुनावणीला येईपर्यंत शिक्षा संपलेली असते. तेव्हा न्यायालयाने शिक्षा १ महिन्यावर आणली तरी हातात काय येणार? छोट्या शिक्षेत स्थगिती मिळाली तरच अपिलाला अर्थ उरतो.

स्थगितीची दोन ठिकाणं आहेत.

पहिलं, शिक्षा देणारं कोर्टच. कलम ४३० च्या पोटकलम ३ प्रमाणे आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, किंवा गुन्हा जामीनपात्र असून आरोपी जामिनावर असेल, तर ‘अपील करायचं आहे’ एवढं कोर्टाला पटवून देताच अपील दाखल करण्यापुरता जामीन द्यायचा असतो. जामीन नाकारायचा तर कोर्टाला विशेष कारणं द्यावी लागतात. १८५ मध्ये दोन्ही अटी सहसा बसतात. हा अर्ज निकालाच्या दिवशी, निकाल वाचल्यावर लगेच द्यायचा. आधीच टाइप करून फाईलमध्ये ठेवलेला असावा, तारीख आणि शिक्षेची जागा मोकळी सोडून. जामीनदार कोर्टात हजर हवा, त्याची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा आणि पत दाखवणारी कागदपत्रं मूळ आणि प्रतीसह. दुपारनंतर निकाल लागला आणि जामीनदार घरून निघाला, तर एक रात्र तुरुंगात हे ठरलेलं. रोख जामिनाची विनंती अर्जात पर्याय म्हणून लिहून ठेवा.

दुसरं, सत्र न्यायालय. अपील दाखल करताना त्याच दिवशी कलम ४३० खाली शिक्षा स्थगितीचा वेगळा अर्ज. अपिलाच्या विनंतीत एक ओळ लिहून भागत नाही.

आता यात चुकतं काय ते सांगतो. खालच्या कोर्टाने ३० दिवसांचा जामीन दिला की लोक निवांत होतात. अपील २८ व्या दिवशी दाखल होतं, स्थगितीच्या अर्जावर सरकारी वकिलांचं म्हणणं मागवलं जातं, आणि ३१ व्या दिवशी खालच्या कोर्टाकडे काहीच आदेश नसतो. मग वॉरंट निघतं. पहिल्या १० ते १२ दिवसांत अपील दाखल करा, स्थगितीच्या आदेशाची प्रत स्वतः खालच्या कोर्टात नेऊन द्या आणि पोच घ्या. कोर्ट ते कोर्ट कागद आपोआप जाईल या भरवशावर राहू नका.

आणि दंड! स्थगिती बहुतेकदा कैदेपुरतीच मिळते. दंड भरला नसेल तर दंडाऐवजीची कैद डोक्यावर राहते. दंड भरला म्हणजे शिक्षा मान्य केली असं होत नाही, अपिलाचा हक्क तसाच राहतो. भरा आणि पावती फाईलला लावा.

पारावरचा

जामिनावर बाहेर असलेला काळ शिक्षेत धरला जातो का? बरेच जण तसं समजतात.

फौजदारीफाईल

नाही. कलम ४३० मध्येच लिहिलंय की अपिलानंतर कैद कायम राहिली तर सुटकेचा काळ मोजणीतून वगळायचा. उलट अटकेनंतर आणि खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस कलम ४६८ प्रमाणे वजा होतात. एक रात्र लॉकअपमध्ये काढली असेल तर तीही. निकालपत्रात किती दिवसांची वजावट दिली ते पाहा. वजावट लिहायचीच राहून गेली असेल तर अपिलात तो मुद्दा घाला.

रानवाट

आणि जो आधीच तुरुंगात गेलाय, घरी वकील करायला पैसे नाहीत, त्याचं काय?

नक्कलअर्ज

कलम ४२४. कैदी अपिलाचा अर्ज आणि निकालाची प्रत तुरुंग अधिकाऱ्याकडे देतो, अधिकारी ते अपील न्यायालयाकडे पाठवतो. ताब्यात असलेल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट ताब्यातल्यांना वेगळी लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बहुतेक जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. छोट्या शिक्षेत तुरुंगातून कागद फिरायला जो वेळ जातो तोच महाग पडतो, म्हणून घरच्यांनी त्याच दिवशी प्राधिकरणात जाऊन वकील नेमून घ्यावा आणि वकीलपत्रावर तुरुंगात सही आणावी.

मुद्देसूद

वर ‘प्रमाण आणि कायदेशीरपणा’ असे दोन शब्द आले. लोक सगळा जोर पहिल्यावर देतात: मुलं लहान, आई आजारी, नोकरी जाईल. पण दुसरा जास्त मजबूत असतो, कारण तिथे न्यायाधीशांकडे दया मागायची नसते, चूक दाखवायची असते. निकालपत्र हातात आलं की मी सांगतो त्या गोष्टी पेन्सिल घेऊन तपासा.

दंडाऐवजीची कैद. गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही असतील तर दंड न भरल्याची कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त देता येत नाही. पहिल्या गुन्ह्याची कमाल ६ महिने, त्याचा चतुर्थांश दीड महिना. धागाकर्त्याच्या उदाहरणात २ महिने दिलेत. ते बेकायदा आहे, कुणाच्या लक्षात आलं का? दंड भरला असेल तर हा मुद्दा व्यवहारात संपतो, तरीही लिहा. निकाल किती काळजीपूर्वक लिहिला गेला हे त्यातून वरच्या कोर्टाला दिसतं.

संक्षिप्त पद्धतीने, म्हणजे छोट्या गुन्ह्यांसाठीच्या झटपट पद्धतीने, खटला चालला का. चालला असेल तर कलम २८५ प्रमाणे ३ महिन्यांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही, मग गुन्ह्याची कमाल काहीही असो. उदाहरणातले ३ महिने काठावर बसतात, ४ असते तर शिक्षा तिथेच मोडली असती. खटल्याच्या क्रमांकात एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी खटला) दिसलं म्हणून निष्कर्ष काढू नका. निकालपत्र आणि रोजनामा (कोर्टातल्या तारखांच्या कामकाजाची नोंद) पाहा, कोणत्या पद्धतीने चालवलं ते तिथे कळतं. त्यासाठी रोजनाम्याचीही नक्कल मागा, फक्त निकालाची नाही.

दुसरा गुन्हा धरून शिक्षा दिली का. २०१९ पूर्वी ‘३ वर्षांच्या आत’ केलेला दुसरा गुन्हा अशी अट होती, ती गेली. आता आधीची दोषसिद्धी कितीही जुनी असली तरी मोजता येते. पण ती दोषसिद्धी हवी. आधी पकडलं होतं, चलन झालं होतं, खटला चालू आहे, यातलं काहीही दोषसिद्धी नाही. आणि तिचा पुरावा रेकॉर्डवर हवा: आधीच्या निकालाची प्रमाणित प्रत किंवा तत्सम कागद, आणि तोच माणूस असल्याची खात्री. नुसतं ‘आरोपीवर पूर्वी अशीच केस आहे’ एवढ्यावर २ वर्षांची चौकट उघडत नाही.

दोन कलमं एकत्र लागली का. १८५ सोबत भारतीय न्याय संहितेचं २८१, म्हणजे बेदरकार वाहन चालवणं, बऱ्याचदा असतं. दोन्हींची कैद एकदम भोगायची की एकापाठोपाठ? जुन्या कायद्यात कोर्ट गप्प राहिलं तर एकापाठोपाठ. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५ म्हणतं की गुन्ह्याचं गांभीर्य पाहून कोर्टाने ते स्पष्ट सांगायचं. निकालात एक शब्दही नसेल तर ‘एकदम भोगावी’ असा आदेश मागा. एका प्रसंगातून निघालेल्या दोन कलमांना ही मागणी रास्त आहे.

सोनचाफा

@मुद्देसूद, रक्ताचा नमुना उशिरा घेतला, अटकेपासून २ तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, हे मुद्दे याच अपिलात घालता येतील?

मुद्देसूद

कबुली दिली असेल तर नाही, ते दोषाबद्दलचे मुद्दे आहेत. ते घातले की सरकारी वकील पहिल्याच मिनिटाला कलम ४१६ दाखवतात आणि तुमचं खरं म्हणणं मागे पडतं. खटला लढवून दोषी ठरला असेल तर मात्र जरूर घाला आणि ‘तसं न मानल्यास शिक्षा कमी करावी’ अशी पर्यायी विनंती करा.

फौजदारीफाईल

अपिलाच्या मसुद्याबद्दल थोडं. खुनाच्या अपिलातून उचललेला एक मुद्दा या फाइलींमध्ये सर्रास दिसतो: ‘शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकलं नाही’. सत्र खटल्यात आणि वॉरंट खटल्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. समन्स खटल्यात, म्हणजे २ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात, आणि १८५ हा समन्स खटला, कलम २७८ फक्त ‘कायद्याप्रमाणे शिक्षा द्यावी’ म्हणतं. त्यामुळे तो मुद्दा ढिला पडतो.

त्याऐवजी कलम ४०२ वापरा. ज्या प्रकरणात परिवीक्षेवर (कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर) सोडता आलं असतं, तिथे तसं का केलं नाही याची विशेष कारणं निकालात लिहावी लागतात. कबुलीवरचे निकाल अनेकदा छापील नमुन्यात असतात आणि तिथे या कारणांची जागाच नसते. मुद्दा असा लिहा: ‘अपीलकर्त्याची ही पहिलीच दोषसिद्धी असून गुन्ह्याची कमाल शिक्षा ६ महिने आहे. परिवीक्षेचा लाभ का नाकारला आणि केवळ दंड का पुरेसा नाही, याची कारणं निकालात नाहीत.’ दोन वाक्यं. मुद्दा सिद्ध करायला साक्षीदार लागत नाही, निकालपत्रच पुरतं.

परिस्थितीचे मुद्दे त्यानंतर, आणि प्रत्येकामागे कागद. अल्कोहोलचं प्रमाण अहवालातल्या आकड्यासह. अपघात नाही, कुणाला इजा नाही. कोणतं वाहन, त्यात प्रवासी होते का. मागच्या काळातलं वर्तन. कुटुंबात कमावणारे किती. आणि सगळ्यात वजनदार: गुन्ह्यानंतर काय केलं. व्यसनमुक्ती केंद्रात उपचार, समुपदेशनाच्या तारखा, डॉक्टरांचं पत्र. हे शिक्षा सुनावल्यानंतर धावत जाऊन घेतलेलं पत्र असेल तर तारखेवरूनच कळतं. गुन्हा दाखल झाल्यापासूनची नोंद असेल तर न्यायाधीश ती खरोखर वाचतात. हे कागद खालच्या कोर्टात नव्हते, म्हणून प्रतिज्ञापत्रासह यादीने दाखल करा आणि सरकारी वकिलांना आधी प्रत द्या. ऐन युक्तिवादात काढलेल्या कागदाला हरकत येणारच.

आकडा तुमच्या विरुद्ध असेल, समजा १८०, तर तो लपवू नका. रेकॉर्डवर आहेच. तिथे उपचारांचा मुद्दा पुढे आणा.

कडेलोट

मला इथे विरोध नोंदवायचा आहे. वाचताना असं वाटतंय की दारू पिऊन गाडी चालवणं म्हणजे सिग्नल तोडणं. रस्त्यावर झोपलेली, चालणारी माणसं यात चिरडली जातात. अपघात झाला नाही हे त्या माणसाचं कर्तृत्व नाही, समोर कुणी आलं नाही एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध सौरभ बक्षी या प्रकरणात हायकोर्टाने २४ दिवसांवर आणलेली शिक्षा वाढवून ६ महिने केली. नुकसानभरपाई दिली म्हणून शिक्षा इतकी खाली आणणं मान्य केलं नाही. हे अपील करणाऱ्यांना आधी सांगा.

मुद्देसूद

@कडेलोट, तुमचं म्हणणं योग्य आहे आणि ते अपिलात समोरून येणारच आहे. सरकारी वकील नेमके हेच निकाल ठेवतात. फक्त फरक लक्षात असू द्या: बक्षी प्रकरण मृत्यूचं होतं, हलगर्जीने मृत्यू घडवण्याच्या कलमाखालचं. दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य, २०००, हेही तसंच: मृत्यू झालेला, आणि तिथे न्यायालयाने परिवीक्षेला ठाम नकार दिला. नुसत्या १८५ मध्ये, जिथे कुणाला ओरखडा नाही, तिथे या निकालांचं तत्त्व लागू होतं, माप तसंच्या तसं लागू होत नाही. वकिलाने हा फरक स्वतः आधी मांडावा. समोरच्याने निकाल ठेवल्यावर उत्तर शोधणं कमकुवत दिसतं.

मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल तर मात्र या धाग्यातलं बरंच काही बदलतं. मुंबईतल्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये ७ जणांचा जीव गेला, त्या अ‍ॅलिस्टर परेरा प्रकरणात सत्र न्यायालयाने ६ महिने दिले होते. हायकोर्टाने कलम बदलून सदोष मनुष्यवध धरला आणि ३ वर्षं दिली, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तीच कायम केली.

पारावरचा

मग अपील केल्यामुळे शिक्षा वाढण्याचा धोका आहे का?

नक्कलअर्ज

तुम्ही केलेल्या अपिलात तो धोका नाही. कलम ४२७ सत्र न्यायालयाला आरोपीच्या अपिलावर शिक्षेचं स्वरूप किंवा प्रमाण बदलू देतं, पण वाढवू देत नाही. शिक्षा वाढवायची तर सरकारला कलम ४१८ खाली स्वतःचं अपील करावं लागतं, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध तेही सत्र न्यायालयातच. किंवा हायकोर्ट पुनरीक्षणात नोटीस काढतं. दोन्हीकडे आरोपीला बाजू मांडायची संधी मिळते, आणि सरकारच्या अशा अपिलात आरोपी शिक्षा कमी करण्याचीही मागणी करू शकतो. जखमी व्यक्तीला, म्हणजे पीडिताला, केवळ शिक्षा कमी आहे म्हणून अपील करता येत नाही. निर्दोष सुटका, हलक्या कलमाखाली दोषसिद्धी किंवा अपुरी भरपाई, एवढ्यापुरतंच पीडिताचं अपील आहे.

रानवाट

परिवीक्षा म्हणजे नेमकं काय मिळतं? कैद नाही, दंडही नाही?

फौजदारीफाईल

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. कलम ३ मध्ये ताकीद देऊन सोडता येतं. त्यासाठी पूर्वी दोषसिद्धी नको आणि गुन्हा २ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा हवा, १८५ त्यात बसतो. कलम ४ मध्ये चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतात, त्याला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला जातो. वय २१ च्या आत असेल तर कलम ६ प्रमाणे कैद देताना कोर्टाला कारणं लिहावी लागतात. हे आदेश अपील न्यायालयही देऊ शकतं.

दोषसिद्धी मात्र राहते, पुसली जात नाही. कलम १२ मुळे तिच्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही, आणि सरकारी नोकरीतल्या माणसाला हीच ओळ महत्त्वाची असते.

माझं मत: १८५ मध्ये परिवीक्षा मुख्य विनंती म्हणून मागताना विचार करा. आकडा ३० च्या थोडा वर, तरुण आरोपी, उपचारांची नोंद, असं असेल तर मागा. शाळेची बस किंवा प्रवासी गाडी असेल तर मुख्य विनंती ‘भोगलेली मुदत पुरेशी धरावी’ हीच ठेवा. न पटणारी मागणी पहिल्या क्रमांकावर असली की पुढची रास्त मागणीही संशयाने पाहिली जाते.

सोनचाफा

आणि परवाना?

नक्कलअर्ज

वेगळा विषय, वेगळा अर्ज. मोटार वाहन कायद्याच्या कलम २० प्रमाणे १८५ मध्ये दोषी ठरल्यावर कोर्टाने किमान ६ महिन्यांची अपात्रता द्यायचीच असते. ती ६ महिन्यांखाली आणा अशी मागणी टिकत नाही. १ किंवा २ वर्षं दिली असतील तर ६ महिन्यांवर आणायची मागणी करा.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: कैदेला स्थगिती मिळाली म्हणजे परवान्याच्या अपात्रतेला मिळाली असं नाही. कलम २३ स्पष्ट म्हणतं की अपील न्यायालयाने तसा आदेश दिल्याशिवाय अपात्रता थांबत नाही. स्थगितीचा आदेश खिशात घेऊन गाडी चालवणारा माणूस अपात्र असताना वाहन चालवण्याचा नवा गुन्हा करतो, आणि पुढच्या तारखेला सरकारी वकील तोच कागद न्यायाधीशांपुढे ठेवतात. सगळं अपील तिथे बुडतं.

पारावरचा

सुनावणीला आरोपीने जायचं की वकील पुरे?

फौजदारीफाईल

जामिनाच्या अटीत हजेरी असेल तर जायचंच. अट नसली तरी शिक्षेच्या युक्तिवादाच्या दिवशी जा. न्यायाधीश आरोपीला थेट विचारतात: काय काम करता, आता पिता का, गाडी कोण चालवतं. उत्तर सरळ आणि खरं द्या. वकील किंवा आरोपी गैरहजर असला म्हणून अपील नुसतं गैरहजेरीवर काढून टाकता येत नाही, गुणवत्तेवरच निकाल द्यावा लागतो. पण तुमच्या बाजूने बोलायला कुणी नसताना लागलेल्या निकालाचा काय उपयोग?

खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आलंय का हे तारखेच्या आठवडाभर आधी लिपिकाकडे विचारा. रेकॉर्ड न आल्याने तारखा पडत राहतात, हे या अपिलांचं सगळ्यात कंटाळवाणं दुखणं आहे. युक्तिवाद स्वतः २० मिनिटांचा असतो.

रानवाट

अपील फेटाळलं तर? आणि ज्यांनी अपीलच केलं नाही, त्यांना थेट हायकोर्ट?

नक्कलअर्ज

फेटाळलं तर हायकोर्टात पुनरीक्षण, कलम ४३८ आणि ४४२, मुदत ९० दिवस. तिथे पुरावा नव्याने तोलला जात नाही, पण बेकायदा किंवा उघडपणे जादा शिक्षेत हात घालता येतो. सत्र न्यायालयाने हजर होण्यासाठी दिलेली तारीख पाळा किंवा तिच्या आत स्थगिती आणा. फरार दिसणाऱ्या माणसाचं म्हणणं कुणी सहानुभूतीने ऐकत नाही.

ज्याला अपिलाचा हक्क होता आणि त्याने तो वापरला नाही, त्याचं पुनरीक्षण त्याच्या अर्जावर घेतलं जात नाही, कलम ४४२ मध्ये तशी मनाई आहे. अपील आहे हे ठाऊक नसल्यामुळे चुकून पुनरीक्षण दाखल केलं असेल तर हायकोर्ट न्यायाच्या दृष्टीने ते अपील म्हणून घेऊ शकतं. त्यामुळे उशीर झाला असेल तरी विलंबमाफीसह सत्र न्यायालयात अपील, हाच रस्ता.

तिठ्यावरचा

सगळ्यांचे आभार. धाग्यातल्या उदाहरणाला आता असं बसवतो, चुकलं तर सांगा: निकालाच्या दिवशीच खालच्या कोर्टात जामीन, दंडाची पावती, मोफत प्रत आणि रोजनाम्याचा अर्ज. १० दिवसांत सत्र न्यायालयात अपील, स्थगितीचा वेगळा अर्ज, परवान्याची अपात्रता ६ महिन्यांपेक्षा जास्त असेल तर तिच्यासाठी वेगळी विनंती. मुद्द्यांमध्ये आधी २ महिन्यांची बेकायदा पर्यायी कैद, मग कलम ४०२ ची कारणं नसणं, मग लॉकअपमधल्या रात्रीची वजावट, शेवटी परिस्थिती कागदांसह. मुख्य विनंती: कैद भोगलेल्या मुदतीइतकी, दंड कायम.

मुद्देसूद

बरोबर. फक्त वजावटीचा मुद्दा लिहिण्याआधी अटकेचा पंचनामा आणि ठाण्यातल्या नोंदीवरून अटक आणि सुटकेची वेळ पडताळून घ्या. तारीख चुकीची लिहिली तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.